दोन मिलिमीटरचा शंख, मिनिमम की ट्रायडेंटॅटम?

प्रश्न : इंग्लंडमधल्या ओलसर रानातल्या पालापाचोळ्यात दोन मिलिमीटर उंचीचे, चिमुकल्या गोगलगायींचे पांढरट शंख सापडले. तोंडात तीन दात आहेत, म्हणून ‘कॅरिकियम ट्रायडेंटॅटम’ अशी नोंद केली. पण काही शंख जाडसर दिसतात. ते ‘कॅरिकियम मिनिमम’ असतील का?

उत्तर : असू शकतील, पण दात मोजून ते कळणार नाही. ट्रायडेंटॅटम म्हणजे ‘तीन दातांचा’, आणि या नावामुळेच घोटाळा होतो. पूर्ण वाढलेल्या मिनिममलाही तीनच दात असतात.

आधी बांधा पाहा. मिनिममची रुंदी उंचीच्या जवळपास निम्मी भरते. ट्रायडेंटॅटम शेलाटा असतो, त्याच्यावरच्या बारीक उभ्या रेषाही जास्त उठून दिसतात. मात्र मधल्या बांध्याचे शंख दोन्हींत निघतात, तेव्हा निर्णय आतल्या पडद्यावर सोडावा. तोंडाच्या वरच्या भिंतीवरचा दात म्हणजे शंखात आत वळत गेलेल्या पातळ पडद्याचं टोक. मिनिमममध्ये हा पडदा साध्या, हलक्या वळणाने जातो. ट्रायडेंटॅटममध्ये तो ठळकपणे नागमोडी वाकतो.

ताजा शंख काचेसारखा पारदर्शक असतो. पाण्याच्या थेंबात ठेवा, खालून उजेड द्या आणि ४० पट मोठा करून पाहा, पडदा बाहेरूनच दिसतो. जुना शंख दुधी होतो, मग आतलं काही दिसत नाही. तो मेणात तोंड वर करून रोवावा आणि तोंडाच्या थोडं वर, शेवटच्या वेढ्यात, बारीक सुईने कण कण टिपत खिडकी पाडावी. एकदम जोर दिला तर भिंतीबरोबर पडदाही तुटतो. शंख उचलायला चिमटा नको, ओला कुंचला घ्या.

पाचोळा चाळताना शेवटची चाळणी ०.५ मिमीची हवी. शंख जेमतेम एक मिलिमीटर रुंद, त्यामुळे १ मिमीच्या जाळीतून उभा निसटतो. आणि बहुधा शेलाटेच आधी निसटतात, म्हणजे दोन जातींचं प्रमाणच चुकतं!

जागेवरूनही अंदाज येतो. दलदल, पाणथळ गवत ही मिनिममची ठिकाणं. ट्रायडेंटॅटमला रानातला पाचोळा, उंच गवत, म्हणजे त्याहून कमी ओल पुरते. तुमच्यासारख्या ओलसर रानात दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून एक शंख तपासून सगळ्या ढिगाला एकच नाव देऊ नका. ज्यांच्या तोंडाची कड अजून जाड झालेली नाही, त्या पिल्लांपुढे नुसतं ‘कॅरिकियम’ लिहा.