रिसेल फ्लॅट बघायला जाताना : मालकांचा ओटा आम्हाला कसा नडला

मालक राहत असलेल्या घरात कपाटं उघडावीत का, फोटो काढावेत का, असं तुम्ही विचारलंय. विचारून करा, झालं. पण 'परवा घर बघताना मालकीणबाई एकदम गप्प का झाल्या कळलं नाही' हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमचा हातचा गेलेला कोथरूडचा फ्लॅट आठवला.

एजंट म्हणाला, "या केव्हाही." आम्ही रविवारी दुपारी दीड वाजता सात जणं गेलो. घरमालक काका-काकू जेवत होते. काकू ताट झाकून उठल्या, पाणी दिलं. घर सगळ्यांना आवडलं. तेवढ्यात माझे मेहुणे ओट्यावर टिचक्या मारत म्हणाले, "हा आधी तोडायचा." मीही री ओढली, "हो, आणि ती मोरीपण." काकू तिथेच उभ्या होत्या, हातात पेला. तो काळा कडप्पा काकांनी स्वतः निवडून आणला होता, हे नंतर एजंटकडून कळलं. आमची ऑफर चांगली होती. तिसऱ्या दिवशी निरोप आला : त्यांना तुम्हाला द्यायचा नाही. पुढचे आठ महिने आम्ही घरं बघत फिरलो, त्यात भाव वाढले ते वेगळंच.

म्हणून माझं मत (वकील नाही, एजंटही नाही, पोळलेला माणूस आहे) : पहिल्या खेपेला दोघांनीच जा. निघताना फोन करा. चहा दिला तर घ्या. 'नळ सोडून बघू का?' हे बिनदिक्कत विचारा, ओल बघायला सिंकखाली वाका, त्यात कुणाला राग येत नाही. पण काय पाडायचं, किती कमी करून मागायचं, हे गेटबाहेर, रिक्षात बसल्यावर. जिन्यातसुद्धा नको, आवाज वर जातो. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटला यातलं काही लागू नाही, तिथे खुशाल ठोकून बघा.

शेअर सर्टिफिकेट (सोसायटी सभासदाला देते तो कागद) कुणाच्या नावावर आहे आणि मेंटेनन्स थकलाय का, हेही गोडीत विचारून ठेवा. शेवटी जो फ्लॅट घेतला, तिथल्या सोसायटीच्या ऑफिसने ट्रान्सफरसाठी लाखभर 'देणगी' मागितली. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, देणगीच्या नावाखालीही नाही. तीन शनिवार त्या ऑफिसबाहेरच्या बाकावर काढले. चौथ्या शनिवारी म्हटलं, मागणी लेटरहेडवर लिहून द्या. मग पंचवीस हजारांच्या पावतीवर काम झालं.