सहाव्या वर्षाची दाढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. इस्रायलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटात, बेदुइन या अरब समाजाच्या शाळांत मुलांचे दात पाहायला तू जाणार, हे ऐकून फार बरं वाटलं. दिमोना-बीरशेबात आपली मराठी बोलणारी बेने इस्रायल ज्यू मंडळी कित्येक वर्षं राहताहेत. शेजारच्या त्या गावांत आपण किती जण पाऊल ठेवतो?

राहत नावाच्या बेदुइन शहरात नळ आहेत, दवाखाने आहेत. सरकारी मान्यता नसलेल्या गावांत विजेची लाइन नाही. पाणी लांबच्या जोडणीवरून स्वतः पाइप टाकून नाहीतर टँकरनं आणतात. म्हणून ‘दोनदा दात घासा’ म्हणण्याआधी घरात पाणी कुठे, किती साठवतात ते विचार. घासून झाल्यावर पेस्ट थुंकायची, चूळ भरायची नाही, हे मुलांना करून दाखव. फ्लोराइड दातांवर टिकतं, पाणीही वाचतं. दात घासायला मिसवाकची काडी वापरणाऱ्या आजोबांना कमी लेखू नकोस. काडी राहू दे, मुलांसाठी जोडीला फ्लोराइडची पेस्ट हवी.

चहाबद्दल जपून बोल. गोड चहा हा तिथला पाहुणचार, आणि तो लहानांच्याही हातात येतो. ‘बंद करा’ म्हणालीस तर कोणी ऐकणार नाही. गोड घोट घेतला की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला लाळेला बराच वेळ लागतो. दिवसभर घोट घेत राहिलं तर तो वेळ मिळतच नाही. तेव्हा जेवणाबरोबर द्या, बाळाला झोपताना बाटलीतून देऊ नका, एवढंच माग. आईला रागावू नकोस.

सगळ्यात जास्त लक्ष पहिलीच्या वर्गाकडे दे. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, आणि किडली तर ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. तिच्या खाचा सीलंटनं, म्हणजे संरक्षक लेपानं, बुजव; दातांना फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा पातळ थर, लाव. वार्निशला ना यंत्र लागतं, ना वीज. 2014 मध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालण्याची सक्ती उठली, त्यामुळे हे काम आणखी गरजेचं झालं आहे.

मुलांचे दंतोपचार 2010 पासून राष्ट्रीय आरोग्य विम्यात आले, पुढे वयोमर्यादा 18 पर्यंत वाढली. पण दवाखाना लांब आणि घरी गाडी नसेल, तर उपचाराला पाठवणारी तुझी चिठ्ठी दप्तरातच राहील. चिठ्ठी अरबीत लिहून घे आणि पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांना विचार: उपचाराच्या दिवशी शाळेची बस मिळेल का?