वाचकांचे प्रश्न : खिशातल्या वह्यांचा संग्रह

प्रश्न : ‘फील्ड नोट्स’ या अमेरिकी कंपनीच्या मर्यादित आवृत्तीच्या छोट्या वह्या मी जमवतो. एका आवृत्तीत शाईपेनाची शाई पानामागे उमटते, दुसरीत उमटत नाही. वह्यांची तुलना कशी करावी, आणि पावसाळ्यात त्या कशा जपाव्यात? – एक वाचक, इंदूर

उत्तर : २००७ साली सुरू झालेल्या या वह्यांचे आकारमान बहुतेक आवृत्त्यांत साडेतीन बाय साडेपाच इंच आणि पृष्ठे ४८ असतात, त्यामुळे खरा फरक मुखपृष्ठापेक्षा आतल्या कागदात शोधावा लागतो. कागदाच्या वजनाच्या अमेरिकी मापातला ६० पौंडी कागद म्हणजे साधारण ८९ जी.एस.एम. (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम), तर ७० पौंडी म्हणजे १०४. मात्र केवळ वजनावर विसंबू नये, कारण शाई फुटणे हे कागदाच्या पृष्ठभागावरील प्रक्रियेवरही अवलंबून असते. एकच पेन, एकच शाई आणि एकच वाक्य घेऊन प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे, शाई वाळायला लागलेला वेळ नोंदवावा आणि दुसऱ्या दिवशी पान उलटून पाहावे. ‘एक्स्पिडिशन’ आवृत्ती या कसोटीत धरू नये. तिचा कागद कृत्रिम, जलरोधक असल्याने शाईपेनाची शाई त्यावर सहज पुसली जाते. बहुधा तीन वह्यांचा संच मिळतो, तेव्हा एक लिहायला काढून दोन जपता येतात. (तिन्ही बंदच ठेवणाऱ्यांचे आम्हांला नवल वाटते.)

पावसाळ्यात दमट हवेने शिवणीच्या पिनांना गंज चढतो आणि डाग पानांवर उतरतो. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून वह्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. रबरबँड लावू नयेत, उन्हाळ्यात ते वितळून मुखपृष्ठाला चिकटतात.