डोमकळीला इंग्लिशमधे काय म्हणतात?

"मावशी, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मंगळवारी सकाळी नागपूरले बियाण्याच्या कंपनीत फिल्ड ट्रेनीचा इंटरव्ह्यू आहे. यूट्यूबवरचं इंट्रोडक्शन पाठ करून राहिली पण तिसऱ्या लाईनले अडकते. होस्टेलच्या पोरी माझ्या 'काऊन'ले अन् 'मले'ले हसतात. परवा प्रॅक्टिसमधे सरांनी पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची कीड विचारली, रावेमधे (गावात राहून करायचं कॉलेजचं शेतीकाम) मी स्वतः कामगंध सापळे (वासानं नर पतंग पकडणारे) लावले होते तरी डोमकळीचं इंग्लिश नाव आठवलं नाही अन् मी रडलीच. सेकंड इयरले एक विषय बॅक होता, तेही विचारतील. जाऊ का नको?"

अवं बाई, हे काय विचारणं झालं, जा ना! डोमकळीला, म्हणजे गुलाबी बोंडअळी लागलेल्या कपाशीच्या फुलाला, रोझेट फ्लॉवर म्हणतात, घे, मिटला प्रश्न. पण समोर बसलेला माणूस बियाणं विकतो, त्याला रोझेट म्हणणारी पोरं दिवसभर भेटतात, आणि त्यातल्या किती जणांनी ती कळी हातात घेऊन उघडून पाहिली असते? तू पाहिली आहेस. फूल उमलतच नाही, अळीनं पाकळ्या आतून धाग्यानं शिवल्यासारख्या करून टाकलेल्या असतात, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, आणि सोडवलं की आत ती बसलेली. हे असंच सांग. मग सापळे हेक्टरी 5 लावले, एका सापळ्यात 8 पतंग सलग 3 रात्री आले किंवा 20 हिरवी बोंडं फोडून 2 मधे अळी निघाली की फवारणीची वेळ झाली, हे आकडे तुला झोपेतही येतात ना? मग रडायचं काऊन?

2017 ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा तू शाळेत असशील, घरी काय झालं होतं ते आठव. "या लाईनमधे का यावंसं वाटलं" हा प्रश्न बहुतेक येतोच, आणि तुझं उत्तर त्यात आहे. ते 'हार्डवर्किंग अँड पॅशनेट' वालं इंट्रोडक्शन सोड बाप्पा, सगळ्या पोरांनी तोच व्हिडिओ पाहिलेला असतो. नाव, गाव, कॉलेज, रावेमधे काय केलं, एवढ्या चार ओळी साध्या इंग्लिशमधे तूच लिही आणि पुढं गाडी अडकली तर सरळ विचार, "सर, मराठीत सांगू का?" फिल्डवर शेतकऱ्याशी इंग्लिश कोण बोलणार आहे? हां, ईमेल-रिपोर्ट इंग्लिशमधे लागतात, म्हणून शिकून राहिली हेही सांग, पण येतं म्हणून थाप मारू नको. मी एका ठिकाणी टायपिंग येतं म्हणून ठोकून दिलं होतं, त्यांनी लगेच मशीनसमोर बसवलं, दहा मिनिटं मी नुसती कागद सरळ करत होती 😄

बॅक राहिलेल्या विषयाचं एका वाक्यात, राहिला होता, पुढच्या खेपेला काढला. आजारपण, लाईट नव्हती, असली कारणं जोडत बसू नको.

प्रॅक्टिस होस्टेलमधे करूच नको. घरी मोबाईल कोठीला टेकवून ठेव, आई तूर पाखडत असेल तिला समोर बसव अन् डोमकळी समजावून सांग, रेकॉर्ड कर. आईनं मधेच "मंग फवारलं काय तुम्ही?" विचारलं की समज जमलं, इंटरव्ह्यूवालेही तिथंच अडवतील.

एक प्रश्न तू लिहिला नाहीस पण पोरींना हमखास विचारतात, लग्नाचं काय, आणि गावोगाव एकटी फिरशील का. राग येईल, येऊ दे, तोंडावर दाखवू नको. "सध्या नोकरीच करायची आहे, रावेमधे रोज फिल्डवर जात होती" म्हण आणि थांब. मात्र घरी हे बोलणं आधीच करून ठेव, नाहीतर पोस्टिंग बुलढाण्याला लागलं की बाबा नाही म्हणतील अन् सगळी मेहनत पाण्यात.

कपडे नवीन घेऊ नको, इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस चालतो, अन् नवी चप्पल तर अजिबात नको, चावते. मार्कशीटच्या झेरॉक्स शनिवारीच दारव्ह्याला काढ. आणि मंगळवारच्या पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नको, यवतमाळवरून नागपूर गाठायचं आहे, सोमवारी दुपारीच निघ, ओळखीत कोणाकडं मुक्काम कर, आपल्याला तिकीट तसंही अर्धंच लागतं. काय झालं ते सांगजो मले.