स्वच्छतेच्या प्रश्नात लोकांना सहभागी करून घ्यायला कलेचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण लोक नुसते प्रेक्षक राहिले तर फारसा नाही. घोषणांनी रंगवलेल्या भिंती पाहून कुणी संडास वापरायला लागत नाही. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांचं ‘फोरम थिएटर’ बघा: प्रसंग अडला की प्रेक्षकच नाटक थांबवतो, पात्राची जागा घेतो आणि आपला उपाय करून दाखवतो. संडासाची टाकी उपसायचा खर्च कुणाचा, रात्री बायकांनी जायचं कुठे, हे सभेत न निघणारे विषय तिथे निघतात. विकास सल्लागार कमल कार यांनी २०००च्या सुमारास बांगलादेशात सुरू केलेल्या, गावानेच आपल्या स्वच्छतेचा विचार करण्याच्या पद्धतीत गावकरी जमिनीवर रंगीत भुकटीने नकाशा काढून उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागा दाखवतात. (त्यातला लाज वाटायला लावण्यावरचा भर मला खटकतो.) दुरुस्तीचा निधी ज्यांच्या हातात आहे, त्यांनाही नाटकाच्या प्रयोगाला बोलवा.