रिकाम्या पोटी कॉफीने पित्त वाढतं का, आयुर्वेद काय म्हणतो?
वाढतं, पण सगळ्यांना सारखं नाही. चरक-सुश्रुतात कॉफी नाहीच, ती आपल्याकडे फार नंतर आली, म्हणून वैद्य तिला गुणांवरून तोलतात, कडू, तुरट, उष्ण, रूक्ष. म्हणजे कफवाल्याला थोडी चालते, पित्तवाल्याला जळजळ, वातवाल्याला गॅस नि झोपेची बोंब. पोटातलं ॲसिड वाढतं आणि आतडीही हलतात म्हणूनच सकाळचा कप संपायच्या आत कित्येकांना पळावं लागतं 😄 मी नाशिकला रविवारी झणझणीत मिसळ, तर्री दोनदा, आणि वर कडक कॉफी असले उद्योग करायचो, दुपारी घशाशी आंबट पाणी ठरलेलं. आता आधी चार-पाच भिजवलेल्या मनुका (आपल्याकडे द्राक्षांना काय तोटा), काहीतरी खाणं, मगच अर्धा कप, दुधाचा, वेलची घालून. रोजच जळजळत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.