उत्तर: उज्जैनहून सकाळी निघून ओंकारेश्वर आणि ममलेश्वर करून त्याच दिवशी परत येता येईल का? सोबत आई आहे, वय ६५.

येता येतं. साधारण १४० किलोमीटर आहे, पहाटे निघालात तर दोन्ही देवळं उरकून रात्री उज्जैनला पोचाल. पण असं उरकू नका.

आम्ही हेच केलं होतं. यात्रा कंपनीची बस, ठरवाठरवी सगळी दादाची. ओंकारेश्वरला दोन तास मिळाले. झुलत्या पुलावरून बेटावर, मग रांग, गाभाऱ्यात रेटारेटी, की परत बस. ममलेश्वर राहिलंच. आई म्हणाली, "अरे, मला बेटाला प्रदक्षिणा घालायची होती." दादा म्हणाला, "दर्शन झालं ना? बेटावर काय बघायचंय?" आई पुढे बोलली नाही. वाटेतला नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल येईपर्यंत खिडकीतून मागेच बघत होती.

तिच्या वडिलांनी पायी नर्मदा परिक्रमा केली होती. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नाही, त्यामुळे ओंकारेश्वराचं मांधाता बेट समोर दिसत असलं तरी तिथे पाऊल ठेवता येत नाही. अलीकडच्या काठावर ममलेश्वराला हात जोडून पुढे निघायचं आणि सगळी परिक्रमा पुरी झाली की मगच ओंकारेश्वराला जल वाहायचं. आई हे लहानपणापासून ऐकत आलेली. तिला बेटावर काय बघायचं होतं, हे दादाने तिला विचारायला हवं होतं.

तीन वर्षांनी मी आईला आणि मामाला घेऊन गेलो, दोन रात्री राहिलो. रात्री शयनआरतीनंतर गाभाऱ्यात शंकर-पार्वतीसाठी सारीपाट मांडतात, ते उज्जैनला परतणाऱ्याला कुठून कळणार? सकाळी सहाला बेटाच्या परिक्रमेला निघालो. सातेक किलोमीटरची वाट आहे. कावेरी (दक्षिणेतली नव्हे, इथली छोटी नदी) आणि नर्मदेच्या संगमावर ऋणमुक्तेश्वराला चण्याची डाळ वाहतात. आईने ती घरूनच रुमालात बांधून आणली होती. पुढे पायऱ्या चढून गौरी सोमनाथ. लिंग एवढं मोठं, की एकट्याच्या कवेत मावत नाही. मामा-भाच्याने दोन बाजूंनी मिठी मारली तरच हात जुळतात म्हणतात. मी गाल टेकवला. दगड गार होता, तेलकट वास येत होता. पलीकडून मामाची बोटं चाचपडत आली आणि माझ्या मनगटाला लागली. आई म्हणाली, "लागले का रे हात?" आणि रडायलाच लागली.

दादा अजूनही म्हणतो, देव एकच, दर्शन एकदा झालं की झालं. मला हे अजिबात पटत नाही. तिथे बेटच देव आहे. बेटाचा आकार ॐसारखा आहे असं लोक मानतात आणि त्याला प्रदक्षिणा घालतात. ज्योतिर्लिंग ओंकारेश्वर की ममलेश्वर, हा वादही सोडा. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात 'ओङ्कारममलेश्वरम्' असं एका दमात येतं, दोन्हीकडे जा. ममलेश्वरला गर्दी कमी असते, तुमच्या आईला निवांत बसता येईल.

आता गुडघ्यांचं. पायऱ्या खूप आहेत आणि उन्हाळ्यात दगड भाजतात. आईला झेपणार नसेल तर नावेतून बेटाला फेरी मारून आणतात, मात्र नदीला पाणी किती आहे त्यावर ते अवलंबून. वरच्या अंगाला धरण आहे, भोंगा वाजला की घाटावरून लगेच वर या. आणि आईला काय बघायचंय, ते गाडी ठरवण्याआधी विचारा.